अमेरिकेच्या दारात मी, टोपी घालून

ती. सुरेखामावशी,

स्नेहलताचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला? (औषध ते पीत नाहीत, फेकतात. खिडकीखाली बघ.) इथे आयर्लंडात, नावन गावात आम्ही बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. हे हॉटेलात आचारी, दुपारी जातात ते मी झोपल्यावर येतात. स्वरांगी शाळेत. मग मी आणि भिंत. बेल वाजली तरी मी पडद्यामागे उभी राहते. (पार्सलवाला ठेवून जातो, मग मनातल्या मनात थँक्यू म्हणते.) आणि पोरगी आता मराठी नुसती ऐकते, उत्तर इंग्रजीत देते. एक दिवस माझ्याशी बोलायचंच सोडेल, ही एकच धास्ती आहे बघ.

तर झालं काय, शाळेच्या फाटकात तिच्या बाई काहीबाही विचारतात आणि मी "ग्रँड" म्हणते. इथे ग्रँड म्हटलं की माणसं हसून पुढे जातात. या वेळी बाई गेल्या नाहीत, माझे हातच धरले. घरी आल्यावर स्वरांगीकडून कळलं, मी शुक्रवारी वर्गात यायचं कबूल केलंय. वर्गात अमेरिकेचा इतिहास चाललाय. (आयर्लंडात अमेरिकेचा कशाला, तर इथले लोक दुष्काळात बोटी भरभरून तिकडे गेले.) बाईंनी फोनवर अमेरिकेतली वेबसाइट पाठवली, एक भाग शिक्षकांचा, एक मुलांचा. शिक्षकांचा उघडायची छाती झाली नाही. मुलांचाही वाचता येईना, म्हणून फोटो बघितले. बोटीतून उतरलेली एक बाई गाठोडं धरून बसलेली, अगदी तू एसटीची वाट बघत बसतेस तशी. तिच्याकडे बघता बघता भात करपला.

शुक्रवारी मला टोपी घातली. मी म्हणे अमेरिकेच्या बंदरावरचा साहेब, आणि मुलं बोटीतून आलेली. कोणाला आत सोडायचं ते मी ठरवायचं. मी! डब्लिनच्या विमानतळावर साहेबाने पासपोर्ट मागितला तर मी बांगड्या काढायला लागले होते. बाईंनी प्रश्नांचा कागद दिला, पण अक्षरं नाचायला लागली. मग विमानतळासाठी यांनी माझ्याकडून घोकून घेतलेले प्रश्नच विचारले. पहिला आला ऊशीन म्हणून लाल केसांचा मुलगा. त्याला विचारलं, तुझा नवरा काय काम करतो? पोरगा पापणी न हलवता म्हणाला, "तो बोटीतून पडला, मिस." मी घाबरून त्याला लगेच आत सोडलं. पुढच्याला विचारलं, लोणचं आणलंस का? "दोन बरण्या." तोही आत. बाई टेबल धरून हसत होत्या.

मग स्वरांगी आली. तिच्या कोटावर खडूची खूण. बाईंनी डोळ्यांना हात लावून समजावलं, ही खूण म्हणजे डोळ्यांचा आजार, हिला परत पाठवायचं. एकटीला, घरचे पुढे जाणार. तेव्हा असंच व्हायचं, इतिहास आहे. मावशी, मला खोटं खोटंसुद्धा जमेना गं. टोपी काढून टेबलावर ठेवली आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले, परत जाणाऱ्यांत. बाई हळूच म्हणाल्या, असंही व्हायचं, आयाही परत जायच्या. स्वरांगी मात्र दातओठ खात भर वर्गात ओरडली, "आई, तू साहेब आहेस! जा ना तिकडे!"

मराठीत, मावशी! (रागातलं का असेना.) घरापर्यंत भांडत आली, तू गेम घालवलास म्हणून, सगळं मराठीत. मग मीही रस्ताभर मुद्दाम वेड्यासारखं बोलत राहिले, भांडण संपू नये म्हणून.

तुझीच,
स्नेहलता

ता. क. हे फोनवर सांगतील, ती रमलीय. नाही रमले. तू ये गं थोडे दिवस. यांना तूच सांग, तुला आयर्लंड बघायची फार हौस आहे म्हणून. माझं नाव काढू नकोस.

ता. क. दुसरा. गुरुवारी मात्र पोहोचू नकोस. शाळेत परत बोलावलंय. या वेळी मला धक्क्यावरून निरोप देणारी बाई केलंय. बोलायचं काही नाही, नुसतं रडायचं. ते मला येतं.