दुसरी सीडी

बाबा, तुमच्या त्या घोडेवाल्या पिच्चरची दुसरी सीडी मी घासली. चुलीतली राख घेतली, आईचा भांड्यांचा काथ्या घेतला, मागच्या दारी बसलो आणि टोप घासतात तशी गोल गोल घासली. आई म्हणाली, काय रे, आज भांडी घासायला बसलास, ताप आलाय काय? मी म्हटलं, हो. चौदा वर्षं तुम्ही जे खोटं बोलत होतात ते मी दहा मिनिटांत खरं करून टाकलं. आता ती सीडी खरंच खराब आहे. तरी सकाळपासून एका जागी बसवत नाही. दुकान उघडलं, दोन मोबाईल उघडून ठेवले, एकाचाही स्क्रू परत लावला नाही. म्हणून हा कागद घेतला. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे, दहावीला दोनदा मास्तरांनीच वाचायला नकार दिला.

तुम्हाला शेड आठवते ना, बंदराच्या वरच्या अंगाची? जून-जुलैची मासेमारीची बंदी, होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झोपलेल्या, आणि सगळे खलाशी खाली मांडी घालून फाटकी जाळी विणायला बसलेले. दुपारची जेवणं झाली की तुम्ही टीव्ही आणि सीडी प्लेयर टेबलावर मांडता. पिच्चर इंग्रजी, आणि खालची अक्षरं वाचायला नजर कुणाची मोकळी आहे? नजर जाळ्यावर, कान तुमच्याकडे. तुम्ही टीव्हीच्या बाजूला उभे राहता आणि सगळं सांगता. "हा जाडा, हा बारक्या. दोघे साडू. बायकांनी घराबाहेर काढलेत, म्हणून उन्हात फिरतायत." बारक्याची बडबड तुम्ही तुमच्या आवाजात करता, जाड्याला नुसतं "हं" देता. दरवर्षी तोच पिच्चर आणि दरवर्षी त्यांचं भांडण नवीन. एका वर्षी बारक्याने जाड्याचा सुका बोंबील चोरून खाल्ला होता. वाळवंटात बोंबील कुठून आला हे कुणी विचारलं नाही.

मतं मात्र सगळ्यांची होती. "ह्या बारक्याच्या तोंडाला बूच मारा कोणतरी." "अरे पण अक्कल त्यालाच हाय, जाड्या नुसताच पहाड." "जाड्या हाय म्हणून तो जिवंत हाय, मेल्या!" कोपऱ्यात टोपली घेऊन बसणारी ती म्हातारी मासेवाली दरवेळी एकच सांगायची, "दोघांपेक्षा तो काळा घोडा गुणाचा. एवढा वजनदार माणूस पाठीवर, पण तोंडातून शब्द नाय." आणि काका, आपल्या मावशीचे यजमान, तुमचे खरेखुरे साडू, भिंतीला टेकून सगळ्यात मोठं जाळं मांडीवर घेऊन बसलेले. त्यांचं मत कधीच नाही. "हं" सुद्धा तुम्ही त्यांच्याकडूनच चोरलं होतंत, हे मला फार उशिरा कळलं.

पहिली सीडी कुठे संपायची ते तर अख्खं बंदर पाठ म्हणेल. जाड्याचा पाय मोडलाय, तो कोरड्या विहिरीला टेकून बसलाय. बारक्या म्हणतो, पाणी घेऊन येतो. आणि दोन्ही घोडे घेऊन जातो. धुळीचा लोट. पडदा काळा. तुम्ही सीडी काढता, पुसता आणि म्हणता, "दुसरी खराब हाय, पुढचं मी सांगतो." आणि मग जे सांगायचात ते पहिल्या सीडीपेक्षा भारी. बारक्या कसा चुकतो, घोडा कसा मरतो, चालत चालत कसा परत येतो, आणि विहिरीवर वाकून म्हणतो, "साडू, ऊठ. भाकरी आणलीय." तिथे काकांची सुई थांबायची. फक्त तिथेच. मी लहान होतो, पण मला दिसायचं, कारण मी जाळ्याखाली लपून खलाशांच्या पायाच्या अंगठ्यांना दोरा बांधत असायचो.

एकदा मी सगळ्यांसमोर ओरडलो, "बाबा, एकदा लावून तर बघा दुसरी!" तुम्ही हसलात. घरी आल्यावर मी ट्रंक उघडली आणि तुम्ही मला मारलंत. मास्तरांच्या खिशात खेकडा सोडला तेव्हा मारलं नव्हतंत, कुणाच्या तरी होडीची नांगराची दोरी मी पतंगाला लावली तेव्हाही नाही. एका सीडीसाठी मारलंत. मी दोन दिवस रुसून बसलो. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला जुना प्लेयर खोलायला दिलात, "जोडता आला तर तुझा." तो जोडला म्हणून आज माझं मोबाईलचं दुकान आहे. त्यानंतर दोनच पावसाळे तुम्ही शेडमध्ये उभे राहिलात.

तुमचं तेरावं झाल्यावर आईने सांगितलं. मी दोन वर्षांचा असताना तुमची आणि काकांची एक होडी होती. तुम्हाला समुद्र लागायचा, ओकून ओकून जीव जायचा, काका काही बोलायचे नाहीत, नुसता तांब्या पुढे करायचे. आणि एका वर्षी, होडी पाण्यात ढकलायच्याच सकाळी, तुम्ही न सांगता मुंबईला निघून गेलात. काका धक्क्यावर दुपारपर्यंत थांबले. मग परक्या माणसांना घेऊन गेले. दीड वर्षांनी तुम्ही एसटीच्या टपावर टीव्ही बांधून परत आलात. माफी मागितली का, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या बापाला सगळं बोलता यायचं, तेवढं सोडून."

आता ऐका. गेल्या महिन्यात काकांनी होडी देऊन टाकली. डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे गेले, त्यांची मुलगी त्यांना बोरिवलीला नेणार आहे. दुकानात आले, स्टुलावर बसले. मग म्हणाले, "तुझ्या बापाचा पिच्चर. जायच्या आधी पुरा बघायचाय." मी म्हटलं, दुसरी खराब आहे. "तू मोबाईल दुरुस्त करतोस, सीडी कर." मी म्हटलं, बघतो.

त्या दुपारी मी मोबाईलवर तो पिच्चर शोधला. एका पानावर जगभरच्या लोकांनी मतं लिहिली आहेत, शेकड्यांनी. फोनच त्याचं मराठी करून देतो, कसंबसं. एकाने लिहिलंय की अशी विजोड जोडी पुन्हा होणे नाही. एक म्हणतो, बारीक इसम अत्यंत बोलभांड आहे. एक बाई कुठली कोण, लिहिते, "काळ्या अश्वाने सर्वोत्तम अभिनय केला." मी काउंटरवर एकटाच हसलो, म्हटलं, मासेवाली म्हातारी परदेशात जाऊन बसली की काय. मग पुढचं वाचलं आणि हसू गेलं. "तो परत येत नाही तेव्हा मी रडलो." "बारीक इसमाला कधीही क्षमा नाही." मला वाटलं, फोन चुकीचं मराठी करतोय. तुमची ट्रंक उघडली. मफलरमध्ये गुंडाळलेली सीडी, बाबा, आरशासारखी. एक चरा नाही. दाराला कडी घालून आवाज बंद करून लावली. बारक्या शहरात पोचतो. दोन्ही घोडे विकतो. नवीन टोपी घेतो. आगगाडीत बसतो. शेवटी विहीर, विहिरीच्या काठावर जाड्याची टोपी, आणि वारा.

हे तुम्ही बघितलं होतंत. एकट्याने. आणि मग शेडमध्ये उभे राहून दरवर्षी काकांसमोर त्याला परत आणत होतात.

मी काय केलं असेल? पाच खोटी नावं घेतली आणि त्या पानावर लिहिलं की बारक्या परत येतो, भाकरी घेऊन येतो, तुम्ही अर्धाच पिच्चर बघितलाय. पाचही जणांनी एकमेकांना दुजोरा दिला. जगभरातून शिव्या आल्या. एकाने शांतपणे विचारलं, मित्रा, तू कोणता सिनेमा पाहिलास? मी लिहिलं, आमच्या बंदरातला. पण काकांना त्या पानाशी काय घेणं? ते टीव्हीसमोर बसणार होते. म्हणून काथ्या.

काल दुपारी त्यांना घरी आणलं. सवयीने एक फाटकं जाळं बरोबर घेऊन आले. पहिली बघितली, धुळीचा लोट गेला. मी दुसरी घातली. घर्र घर्र, मग काहीच नाही. काकांनी हात पुढे केला. सीडी घेतली, धड दिसत तर नाही त्यांना, अंगठ्याने सावकाश चाचपली, आयुष्यभर दोर चाचपले तशी. मग नाकाला लावली. "राखेचा वास येतोय." मी म्हटलं, जुनी आहे ना. काकांनी ती मला परत दिली, जाळं मांडीवर ओढलं आणि म्हणाले, "सांग मग पुढचं."

मी उभा राहिलो. टीव्हीच्या बाजूला, तुमच्या जागेवर. तोंड उघडलं आणि तुमचाच आवाज निघाला, मीच दचकलो. घोडा मारला, बारक्याला चालवलं, वाटेत जरा बोंबीलही घातला. विहिरीपर्यंत आलो आणि पुढे शब्द येईना. खोलीत नुसता काकांच्या सुईचा आवाज. मग तो थांबला. खाली बघतच काका म्हणाले, "साडू, ऊठ. भाकरी आणलीय." आणि परत सुई चालू.

जाताना दारात काठी टेकून म्हणाले, "तुझा बाप आला होता बरं का, परत." एवढंच. मी रात्रभर तळमळतोय, त्यांना किती माहीत आहे? सगळं? की काहीच नाही? विचारायची छाती नाही, त्याबाबतीत मी तुमच्यावर गेलोय.

हा कागद कुठे टाकणार, सीडीच्याच कव्हरात घालून मफलरमध्ये ठेवतो. फक्त एक मागणं आहे. काका कधी ना कधी तिकडे येतील, तुमच्या शेजारी भिंतीला टेकून बसतील, आणि एवढ्या वर्षांत एकदा विचारतीलही. तो शेवट तुम्ही बघितलात आणि मी बघितला, आपल्या बंदरात तिसरा कुणी नाही. खराब होती म्हणा. पाया पडतो बाबा, काकांना नाही, मावशीला नाही, कुणालाच सांगू नका.