आधी श्वास, मग पट्टा

मी, पद्मजा शरच्चंद्र आगाशे, वय अठ्ठ्याहत्तर, शरीरक्रियाशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, राहणार एरंडवणे, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही; आहे तो रक्ताचा, आणि तोसुद्धा सांगतात तितका नाही. याआधी मी कोठे सही केलेली आढळल्यास ती मला चष्मा न देता घेतली असे समजावे.

१. तिसऱ्या मजल्यावरील माझा स्वकष्टार्जित फ्लॅट माझ्या पश्चात माझी सून सौ. हेमा हिला एकटीला मिळावा. माझा मुलगा चि. श्रीनिवास हरकत घेईल, म्हणून कारणे देते.

श्रीनिवास वाघोलीला राहतो. मी वारज्याच्या एका वृद्धाश्रमात जावे आणि फ्लॅट विकावा, असा त्याचा आग्रह आहे. "आई, तुझं बीपी बघ. एकटं राहण्यासारखं आहे का हे?" तो मला पाय मोकळे करायला खाली नेतो आणि परतताना लिफ्ट नेमकी बंद असते. एरवी चालू असते. वॉचमनला विचारले की तो जमिनीकडे बघतो. जिना चढून मला धाप लागलेली असताना श्रीनिवास दंडाला रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा बांधतो, आणि वर फ्लॅटचा विषय काढतो.

हेमा कामावरून परतताना येते. मला खुर्चीत टेकून बसवते, म्हणते, "सावकाश सोडा, आई." मग पट्टा. तिचा आकडा कायम कमी. आता हे मी जन्मभर शिकवले आहे. श्वास घेतला की फुप्फुसे ताणली जातात, तिथले मज्जातंतू मेंदूला वर्दी देतात आणि ठोके वाढतात. सोडला की मंदावतात. श्वास संथ असेल तर रक्तवाहिन्याही सैलावतात आणि दाब उतरतो. तेव्हा हेमावरचा माझा संशय सरळ होता. माझा आजार लपवायचा, गोळ्या कमी करवायच्या आणि फ्लॅट लवकर मोकळा करून घ्यायचा.

एकदा दोघे स्वयंपाकघरात बोलत होते. मी कानातले यंत्र काढले आहे, असा त्यांचा समज होता.

"तू तिला आधी शांत का बसवतेस? आकडा खाली येतो. मग डॉक्टर कशाला सांगतील वारज्याला जा म्हणून?"

"खरा आकडा तोच आहे. मला बघायला आला होतात ना, तेव्हा मी नुसती थरथरत होते. आईंनी पोह्यांची बशी बाजूला ठेवली, माझी नाडी धरली आणि म्हणाल्या, सावकाश सोड. त्यांचंच त्यांना परत देतेय मी."

मला हे आठवत नव्हते. शिवाय माझ्या कानावर पडावे म्हणून केलेले नाटकही असू शकते. म्हणून माझी जुनी विद्यार्थिनी डॉ. मंदाकिनी दीक्षित हिच्याकडून दिवसभर दंडाला बांधून ठेवायचे यंत्र लावून घेतले, कोणालाही न सांगता. आकडे हेमाच्या आकड्यांशी जुळले. मला रडू आले.

२. बँकेतील ठेव श्रीनिवासला द्यावी. मुलगा आहे. रक्तदाबाचे यंत्रही त्यालाच द्यावे. त्याचेही वय होत आहे. मोजण्यापूर्वी त्याने शांत बसावे.

३. माझे पाऱ्याचे जुने यंत्र मंदाकिनीला. शेजारचे श्यामसुंदर बोकील ते मागतील, देऊ नये. ते साक्षीदार आहेत, त्यांच्या सहीच्या वेळी वरचा मजकूर झाकावा.

४. यातले काहीही हेमाला माझ्या हयातीत कळू नये. ती बदलणार नाही असे वाटते. पण नुसत्या वाटण्यावर मी कधी विसंबले नाही.

५. माझ्या अखेरच्या वेळी श्रीनिवासने जवळ असावे, पण बोलू नये. पट्टा बांधू नये. हेमाने माझी नाडी धरावी आणि नेहमीसारखे म्हणावे, "सावकाश सोडा, आई." त्या वेळी मी तिचा संशय घेणार नाही.

हे मी स्वतः लिहिले, दोनदा वाचले आणि खाली नमूद साक्षीदारांसमक्ष सही केली.

पद्मजा शरच्चंद्र आगाशे

साक्षीदार:
१. डॉ. मंदाकिनी दीक्षित (सहीच्या वेळी नाडी पाहिली. शांत आहे.)
२. श्यामसुंदर बोकील

पुणे, दि. ९ नोव्हेंबर २०१४