पांढरं कार्ड

सोमवार, ३ तारीख

आणि वर तोंड करून सांगतात, जिना फार नाही! तीन मजले आहेत आणि स्वयंपाकघर तिसऱ्यावर. भाजी खाली, गॅस वर, आणि माझे गुडघे मधल्या मजल्यावर बसलेले. फोनवर म्हणाले होते, समुद्रात बुड्या मारणाऱ्या पोरांचं शिबिर आहे, स्वयंपाक आणि थोडी धुणी. थोडी! नऊ जणांचे रबराचे सूट आहेत, पाण्याखाली घालायचे, आणि हे लोक त्यात लघवी करतात. त्यांचा कोच हसत म्हणाला, सगळेच करतात मावशी, खाली थंडी असते. म्हटलं, मग सगळ्यांनीच धुवा. तर आणखी हसला. माणूस वाईट नाही, दात फार दाखवतो.

पण खोटं कशाला लिहू, आनंद झाला. गेटातून नुसती हाक मारली, बारके, तर वरूनच ओरडली, आले मावशी! मग जिन्यावर धडधड, मग गळ्यात. ती अशीच. आधी ओ, मग पाय. मीच लावलेली सवय. ताईला दुकानातून फुरसत नव्हती, पोर माझ्या अंगावर वाढली, आणि हाक मारल्यावर ओ न देणारं पोर मला चालत नाही.

वही तिनेच दिली. म्हणे, तोंडाने बोलतेस तेवढं लिहीत जा, म्हणजे घरातल्यांना आराम. चौथी शिकलेल्या बाईला रोजनिशी! पण ताईने मला हिच्यावर लक्ष ठेवायला धाडलंय, तर काय बघितलं ते लिहिलेलं बरं.

बुधवार, ५ तारीख

चहाचा थर्मास घेऊन बोटीवर गेले. काय करतात ते आज समजलं. बोटीवरून एक दोरी खोल सोडतात. दोरीच्या शेवटी वजन आणि एक तबकडी, तबकडीला चिकटवलेले बिल्ले. एकदा श्वास भरायचा, मनगटाचा पट्टा दोरीला अडकवायचा, म्हणजे खाली अंधारात वाट चुकत नाही, आणि जायचं. बिल्ला तोडून आणायचा. वर आल्यावर आधी डोळ्यांवरचा चष्मा आणि नाकाचा चिमटा काढायचा, मग बोटांचं गोल करून पंचाला दाखवायचं, मग बोलायचं, मी ठीक आहे. याच क्रमाने, झटपट. बरोबर केलं तर पांढरं कार्ड. चुकलं तर लाल, मग पाताळातून बिल्ला आणलेला असला तरी फुकट.

आणि आमची बारकी काय करते? वर येते, धापा टाकते, बोटीवर मी दिसते आणि ओरडते, मी ठीक आहे मावशी! चष्मा डोळ्यांवर तसाच. लाल कार्ड. कोचने कपाळ बडवून घेतलं. म्हणाला, दोन विक्रम हिने असेच घालवले. माझ्याकडे बघत म्हणाला. मी चहा ओतला.

शनिवार, ८ तारीख

कंटाळा आला. कांदे, भांडी, रबर. पाठ धरली आहे. तिकडे ही पोरं भिंतीला पाय लावून श्वास कोंडून पडतात आणि त्याला मेहनत म्हणतात.

मंगळवारी शंभर मीटर. आपल्या देशातली कुठली बाई तिथवर गेलेली नाही. संध्याकाळी भाजी निवडताना बारकी सांगत होती, की काही अंतरानंतर पाय मारावेच लागत नाहीत, पाणी आपोआप खाली ओढून घेतं, तेच तिला सगळ्यात आवडतं. मग म्हणाली, आज बिल्ला शोधावा लागला नाही. कुणीतरी हातात दिला.

मी विचारलं, कुणी? खाली कोण असतं?

कुणीच नसतं गं, म्हणाली आणि माझ्या मिरपुडीने नेहमीसारखी शिंकली. कोच म्हणतो की खोल गेलं की डोक्यात नशा चढते, काहीही वाटतं.

मी म्हटलं, नशा चढते तिथे जावं कशाला? तर म्हणे, तू नको जाऊस.

मंगळवार, ११ तारीख

झालं. शंभर.

नीट लिहिते. ती गेली. वेळ संपली तरी येईना. कोच दोरीला हात लावून उभा होता, त्याचे दात पहिल्यांदा झाकलेले पाहिले. माणसं उड्या मारायच्या बेतात, तेवढ्यात वर आली. शांत. चष्मा काढला, चिमटा काढला. बोटांचं गोल. मग पंचाकडे बघून, मी ठीक आहे. कवायतीसारखं. पांढरं कार्ड. सगळी बोट नाचली. कोच रडला.

माझाही जीव भांड्यात पडायला हवा होता. पण तिला टॉवेलात घेतलं तर ती धापा टाकत नव्हती. जराही नाही. आणि माझ्याकडे बघितलंही नाही. मनगटाचा पट्टा हातात नव्हता. कोच म्हणाला, आनंदात वर सोडला असेल, बुडाला असेल. दोरी ओढून बघू म्हटलं तर ओढायचं यंत्र जळालं. वजन हातांनी उचलण्यासारखं नाही. राहू दे, म्हणाला, आज जेवण जोरात करा.

गुरुवार, १३ तारीख

स्वयंपाकघरातून हाक मारली, बारके. ओ नाही. पुन्हा मारली. नाही. मागे वळले तर दारात उभी. तोंडावरून हात खाली नेला, चष्मा काढावा तसा. चष्मा नव्हता. मग बोटांचं गोल. मग, मी ठीक आहे.

म्हटलं, भवाने, नाटकं करू नकोस, ताटं घे. ती ताटं घेऊन गेली.

सकाळी गारठा होता, खिडकीपाशी सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती, काचा धुरकट झालेल्या. ती काचेला नाक लावून समुद्राकडे बघत होती. तिच्या नाकापुढची काच लख्ख.

जेवली नाही. मिरपूड मुद्दाम तिच्या नाकापाशी उडवली. शिंकली नाही.

शुक्रवार, १४ तारीख

कोचशी भांडले. स्पष्टच सांगितलं, की ही आमची नव्हे. तो म्हणाला, मावशी, डॉक्टरने तपासलं, कान ठीक, छाती ठीक, पंचांनी पांढरं कार्ड दिलंय, आता आणखी कुणाचा शिक्का हवा? मी म्हटलं, शहाण्या, कार्ड क्रमाला देता की माणसाला? त्या तीन गोष्टी करणारं कुणीही वर आलं तरी तुम्ही टाळ्याच पिटणार. आमची बारकी जन्मात क्रमाने करणार नाही. ती आधी ओ देते. मग पाय. ती मला मावशी म्हटल्याशिवाय राहत नाही. मिरपुडीला शिंकते.

तो म्हणाला, तुम्ही थकलात, सुट्टी घ्या.

थकले आहे. खरंच थकले आहे. पण हे सगळं बोलत असताना ती जिन्यात उभी होती. ऐकत.

शनिवार, १५ तारीख

हाक मारली. वरूनच ओरडली, आले मावशी! मग धडधड, मग गळ्यात. आणि शिंकली.

मिरपुडीचा डबा बंद होता.

सगळे म्हणाले, झाली ना आता खात्री? मी शिकवलं तिला. मीच —

तिच्या तोंडापुढची काच अजून लख्ख आहे. ते मी कुणाला बोलले नाही. आता बोलणार नाही.

सोमवार, १७

बोटवाल्याच्या हातापाया पडून गेले. दोरी आहे तिथेच, पाण्यात. हात लावला.

लहानपणी बाजारात ती माझी बाही ओढायची. ओढ, थांब, ओढ. घरी चल म्हणून.

तसंच.

बोटवाल्यालाही हात लावायला सांगितलं. त्याने लावला, आणि सरळ बोट वळवली. मी शिव्या दिल्या. थांबला नाही.

पट्टा तिच्याकडेच आहे. खाली. तिने सोडला नाही —

बुधवार

कोच म्हणतो, हंगाम संपला, रविवारी दोरी कापणार. वजन राहील खाली, काय बिघडतं. ताईला फोन केला. ती म्हणाली, अगं आत्ताच बोलले मी तिच्याशी, किती गोड बोलली, तुझी काळजी करत होती.

तुझी काळजी —

शुक्रवार

कोच, हे पान तुझ्यासाठी. तुझ्या दाराखाली सरकवणार आहे. मला नोकरी नको, पगार नको. कापू नकोस. दुसरं यंत्र आण, बोटी आण, माणसं लाव, वर ओढ. जशी येईल तशी घेईन मी. बिनकार्डाची —

जिन्यावर कुणी —

मी हाक मारलेली नाही. तरी ती म्हणते, आले मावशी.

रविवार उजाडायच्या आत मला जबाब दे, कोच. हो की नाही. दोरी ओढतोस, की मी स्वतःच हातात धरून खाली —