गोलच्या जाळीच्या गाठी

मल्हारगंज, रविवार संध्याकाळ

आज आमच्या मुलींनी फुटबॉलमध्ये महूच्या टीमला हरवलं, तरी मला चैन नाही. मिल बंद झाल्यावर काशिनाथकाका आणि त्यांचे दोस्त पहिल्यांदा मैदानावर आले, तेव्हा मीच त्यांना हाकललं होतं. रिकामटेकडे पोरींना बघायला आलेत, असं तोंडावर म्हटलं. कोच झाले म्हणून काहीही बोलायचं?

तरी ते येत राहिले. मग घरच्या बायकांनाही आणू लागले. गोलला जाळी नाही, बॉल आत गेला की बाहेरून यावर रोज झगडा होतो, हे बघून त्यांनी सुतळीची जाळी विणली. एकेक गाठ हाताने.

आज मैदानाच्या चारी बाजूंनी गर्दी. शेवटच्या मिनिटाला वंदनाने गोल मारला आणि सगळे तिच्याकडे धावले. काका मात्र जाळीकडे. वाकून गाठी बघत होते. मी माफी मागायला गेले आणि तोंडातून निघालं, "काका, गोल बघितला ना?"

"बघितला, मॅडमजी. पण गाठी तुम्ही चेक करा एकदा. मिलमध्ये कपडा आम्ही विणायचो, पास दुसरा करायचा."

मी एकेक गाठ ओढून पाहिली. "पास," म्हटलं. काका कितीतरी वेळ हसत होते.

माफी तशीच राहिली.