‘संथ’साठी एक कोपरा

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दंतवैद्याकडे काय झालं, असं विचारलं आहेस. काही झालं नाही. त्यांनी मला रुग्णाच्या खुर्चीतच बसवलं आणि ही ‘संथ’ म्हणजे नेमकं आहे तरी काय, असं विचारलं. मी म्हटलं, संगणक सुरू केला की सगळ्यात आधी जी जागी होते आणि बाकीच्यांना कामाला लावते, ती प्रणाली. बाजारात दोन-तीन मोठ्या आहेत, ही मी लिहिलेली. टाकून दिलेल्या जुन्या मशीनवरही चालते. वीज गेली आणि परत आली, तर होती त्याच अक्षरावर येऊन उभी राहते. ते म्हणाले, माझं मशीन नवं आहे आणि इथे वीज जात नाही. मग माझी एक दाढ किडल्याचं सांगून, पुढची तारीख देऊन त्यांनी माझी बोळवण केली.

त्याआधी वजनकाटेवाले झाले, वाचनालय झालं, रंगाचा कारखाना झाला. अकरा वर्षं मी हे घासतोय. सगळ्या जगाने ‘संथ’ वापरावी असं आता वाटत नाही, ताई. हिच्यावाचून कुणाचं तरी अडेल, असा एक कोपरा मिळाला तरी पुरे.

वेळही थोडा आहे. आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी प्रयोगशाळाप्रमुखाची कायम जागा देऊ केली आहे. अट एकच, बाहेरचं कुठलंही काम करणार नाही असं लिहून द्यायचं. म्हणजे ‘संथ’ बंद. एप्रिलअखेर उत्तर हवं आहे. तुझी भावजय म्हणते, सही करून मोकळा हो. मी जेवतो, पण काय जेवलो ते आठवत नाही.

तुझ्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये तीन जुनी मशीनं धूळ खात पडली आहेत असं तू मागे लिहिलं होतंस. साहेबांना विचारून बघशील का? डिस्क आणि सूचनांचे कागद सोबत पाठवतो आहे.

आहे तेवढा लोभ राहू दे.
तुझा,
टिल्लू


१९ फेब्रुवारी

चि. टिल्लू यास,
अ. उ. आ.

चव्वेचाळीस वर्षांचा घोडा झालास, तरी पत्राखाली टिल्लू लिहितोस. मला बरं वाटतं, म्हणून बोलत नाही.

साहेबांना विचारलं. टेबलं अडवू नका, बाकी काय करायचं ते करा, असं ते मान वर न करता म्हणाले. ही परवानगीच समजायची. तुझ्या सूचनांत तिसऱ्या पानाच्या वरच लिहिलं आहेस की पुढचं सोपं आहे. तिथेच मी दोन दिवस अडकले. पुढच्या वेळी कशाला सोपं म्हणायचं ते आधी मला विचार.

पण लागली एकदाची. तिन्ही मशीनं चालू आहेत. दुपारी दोनला खिडकी बंद झाली की खोलीत फारसं काम नसतं. तेव्हा संगणक येण्याआधीच्या फायलींची यादी करायला घेतली आहे. खोकी छतापर्यंत आहेत, त्यामुळे काम संपायची भीती नाही. मी आहे, आमची चष्मेवाली आहे आणि ती सारखी गुणगुणणारी. हळूहळू हात बसतो आहे. कोणतं मशीन कधी सुरू झालं, किती नोंदी झाल्या, कुठे अडलं, हे तुझी ‘संथ’ स्वतःच लिहून ठेवते ना, तो लॉग छापून सोबत घातला आहे. दर आठवड्याला पाठवीन.

आता नीट जेव. आणि दाढ दाखवून ये. तो माणूस तुझ्या प्रणालीबद्दल चुकला असेल, दाढेबद्दल नसेल.

भावजयीला माझे आशीर्वाद. माया आहेच.
ताई


२४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे नऊ आठवड्यांचे लॉग कपाटाच्या दारावर ओळीने चिकटवले आहेत. येता-जाता वाचतो. एकदाही अडकल्याची नोंद नाही. आणि तुम्हा तिघींची शिस्त काय सांगावी. एक मशीन बंद होतं आणि पाच मिनिटांनी दुसरं सुरू होतं, मग तिसरं. दोन मशीनं कधी एका वेळी चालू नाहीत. एकमेकींची वीज वाचवतात, बघ किती समजूतदार बायका आहेत, असं मी तुझ्या भावजयीला कौतुकाने दाखवलं.

ताई, कोपरा सापडला. जुन्या नोंदी प्रत्येक हॉस्पिटलात आहेत, जुनी मशीनं आहेत, आणि त्या नोंदी इंटरनेटच्या जाळ्याला जोडाव्यात असं कुणालाही वाटत नाही. ‘संथ’ला ते जाळं लागतही नाही. मी हे कारखाने आणि वजनकाटे करत कुठे फिरत होतो कोण जाणे. बावीस हॉस्पिटलांना पत्रं टाकली, प्रत्येकासोबत तुझ्या लॉगची प्रत जोडली.

परवा प्राचार्यांना लेखी नकार देऊन आलो. तुझी भावजय दिवसभर भांडी आपटत राहिली. मग संध्याकाळी येऊन पाकिटांवर पत्ते लिहायला बसली. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

त्या दोघींना माझा नमस्कार सांग. कामाबद्दल एकेक ओळ लिहून दिली, तर पुढच्या पत्रांना जोडता येईल. कोपरा तू मिळवून दिलास, हे विसरणार नाही.

तुझ्या लोभावरच चाललं आहे.
टिल्लू


२९ एप्रिल

चि. टिल्लू यास,
अ. उ. आ.

हे पत्र उभ्याने वाचू नकोस.

त्या दोघी कधीच बसल्या नाहीत. चष्मेवाली पहिल्या दिवशी येऊन डोकावून गेली. गुणगुणणारीने तेवढंही केलं नाही. त्यांच्याकडे नवी मशीनं आहेत आणि जुन्या फायलींची यादी कुणी मागितलेली नाही. मी पहिल्या मशीनवर तासभर बसायचे, ते बंद करून दुसऱ्यापुढे बसायचे, मग तिसऱ्यापुढे. तिघींचं काम दिसावं म्हणून. त्यामुळे दोन मशीनं एका वेळी चालू दिसत नाहीत, टिल्लू. माणूस एकच होतं.

काय जेवलो ते आठवत नाही असं तू लिहिलंस आणि माझा जीव खालीवर झाला. म्हटलं, दोन महिने तरी याचे बरे जाऊ देत. मग थकेल, सही करेल आणि कुणी तरी वापरलं होतं एवढं समाधान त्याच्याजवळ राहील. तू सही करणार, हे मी इतकं धरून चालले होते की तुला तसं कधी लिहिलंही नाही. तू माझ्याच कागदावर भरवसा ठेवून नकार देशील, हे मला सुचलं नाही. सुचायला हवं होतं.

हे पत्र मिळताच प्राचार्यांकडे जा. बहिणीने फसवलं म्हणून सांग, लाज बाळगू नकोस. लागलं तर मी येऊन सांगते. आणखी एक. तिन्ही मशीनं सोमवारी भंगारात जाणार आहेत. साहेबांना टेबलं हवी आहेत.

मला बोल, वाटेल ते बोल. पण गप्प बसू नकोस.
ताई


६ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला महिना लावला, कारण राग होता. अजून आहे. आधी लिहिलं असतं, तर नको ते लिहिलं असतं.

प्राचार्यांकडे गेलो होतो. जागा तिसऱ्याच दिवशी भरली. माझाच विद्यार्थी आहे. लॉग कसा वाचायचा हे त्याला मी शिकवलं. मला आता तासांवर शिकवायला बोलावतात. तुझ्या भावजयीला आता पत्ते लिहायचेही उरले नाहीत. बावीसपैकी पंधरा उत्तरं आली, सगळी नकाराची. एकाने लिहिलं आहे की नोंदी उत्कृष्ट आहेत, पण रोज इतका वेळ बसणारं माणूस आमच्याकडे नाही.

राग तू फसवलंस याचा आहेच. त्याहून मोठा वेगळा आहे, तो सांगतो. मी नोंदी मोजल्या. तू एकटीने चार हजार शंभर फायली घातल्यास. चुकीची बटणं दाबलीस, मध्येच मशीन बंद केलंस, दोनदा वीज गेली. ‘संथ’ एकदाही अडली नाही. इतकी कसून तिची परीक्षा आजवर कुणी घेतली नव्हती. आधी कुणी नको म्हटलं की मी घरी येऊन काहीतरी दुरुस्त करायचो. अक्षरं मोठी केली, छपाई सुधारली, नावही बदलून बघितलं होतं. दोष आहे, तो काढला की घेतील, यावर अकरा वर्षं गेली. आता कळलं की दोष नाही. ती चांगली आहे आणि कुणाला नको आहे.

रविवारी सवयीने मशीनपुढे बसलो. तीन तासांत बदलण्यासारखी एक ओळ सापडली नाही. तुझी भावजय म्हणाली, मग ऊठ आता. मी उठलो आणि खोलीत तसाच उभा राहिलो.

राग उतरायला वेळ लागेल. लोभ मात्र तिकडूनही कमी करू नकोस.
टिल्लू