खानावळवालीचा आवाज

पुणे, ८ ऑगस्ट २००६

ती. आईस दिशाचा नमस्कार.

माझा खोकला गेला. बाबांचा गुडघा कसा आहे?

हॉस्टेलचा फोन उचलणारी मुलगी रविवारी का हसली, असं तू विचारलंस आणि मी विषय बदलला.

आम्ही हॉस्टेलच्या मुली टीव्हीवर हिंदीत डब केलेली कोरियन मालिका बघतो. त्यात राणी आणि खानावळवाली एकसारख्याच बोलतात. मराठीत कोण कसं बोललं असतं, यावर आमचे वाद चालतात. राणी पुणेरी ठरली. खानावळवालीला मी तुझा आवाज दिला, "जेवलीस काय गो?" सगळ्या पोट धरून हसल्या. आता रोज करायला लावतात, आणि मी करते.

फोन उचलणाऱ्या त्या मुलीने तुला कधी पाहिलेलं नाही, तरी तुझा आवाज ओळखला, म्हणून हसली.

येत्या रविवारी फोन मीच उचलीन. जेवलीस काय, असं विचारशील ना गो?

तुझी,
दिशा