मायच्या आवाजाचा मालक

सर, माय बोलायची बंद झाली आहे. उन्हाळ्याच्या तोंडी तिला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि तिच्यासोबत जीभही. सगळं कळतं तिला, सांगता मात्र येत नाही. मी तिला गावाहून माझ्याकडे जळगावला आणलं. डॉक्टर म्हणाले, ओळखीचं काही ऐकवत जा, गाणी, गोष्टी, काहीही. मला लगेच तुमच्या टेपा आठवल्या. त्या शोधताना जे कळलं, त्याने तुमचा फार राग आला. गेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

तुमच्याकडे एम.ए. करत होते तेव्हा तुम्ही आमच्या गावी, शिंदखेड्याकडे, यायचात. तुम्हाला अहिराणीतल्या कहाण्या जमवायच्या होत्या आणि मायपाशी त्या पोत्याने होत्या. अजून दिसतं मला. माय चुलीपुढे भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर मांडी घालून बसला आहात, टेपरेकॉर्डर पिठाच्या डब्यावर, आणि मी एक डोळा तव्यावर आणि एक टेपवर ठेवून उभी. आधी ती लाजली. 'सर, मन्हं बोलणं काय पुस्तकनं शे का?' म्हणाली. मग जी सुटली ती आवरेना. राजा, राणी, कोल्हा, सगळे आमच्याच गल्लीत राहत असल्यासारखे बोलायचे. तुम्ही कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन, वर मायने वाळवलेल्या ज्वारीच्या बिबड्या-पापडांचा डबा घेऊन परत निघायचात. या कहाण्यांचं काय करणार, असं तिने खोदून कधी विचारलं नाही. तुम्हीच सांगायचात की हे सगळं आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात राहील, ज्याला हवं त्याने यावं आणि ऐकावं.

पुढे मी त्याच ग्रंथालयात नोकरीला लागले. सुरुवातीच्या दिवसांत एका विद्यार्थिनीला मी अख्खं पुस्तक झेरॉक्स करू दिलं, तर तुम्ही वाचनकक्षात सगळ्यांदेखत मला झापलंत. 'ज्याचं आहे त्याला न विचारता घेणं म्हणजे चोरी,' म्हणालात. मी घरी जाऊन रडले, पण पटलं मला. झेरॉक्स मशीनवर तशी सूचना मी स्वतःच्या अक्षरात लिहून लावली, ती आजही तिथेच आहे. त्यानंतर तुमचा ग्रंथ परदेशातल्या बड्या प्रकाशकाने काढला. विभागात पेढे वाटले, मीही खाल्ले. कहाण्या, त्यांचं भाषांतर, ध्वनिमुद्रण, सगळ्याचे हक्क तुम्ही त्यांच्या नावावर करून दिलेत आणि मूळ टेपाही त्यांच्याकडे पाठवल्यात, हे मला आत्ता कळलं. मायला विचारलंत का? की ज्याचं त्याला विचारायचं, हा धडा फक्त माझ्यापुरता होता?

मग त्या प्रकाशकाने हे सगळं ऑनलाइन संग्रहात घातलं आणि आपल्याच विद्यापीठाने त्याची वर्गणी भरायला सुरुवात केली. दळण घरचं, दळणारी घरची, आणि पीठ तेवढं बाजारातून विकत. पुस्तक घेतलं की निदान कपाटात राहतं, हा ऑनलाइन संग्रह म्हणजे भाड्याचं घर, भाडं थांबलं की दाराला कुलूप. वर्गणी वाढत गेली आणि शेवटी परवडेना म्हणून आपल्याकडे ती बंद झाली. इतकी वर्षं सगळं उघडं होतं तेव्हा मी एकदाही ऐकलं नाही. गावी गेले की माय अखंड बोलायची, तिला गप्प करता करता नाकी नऊ यायचे, संगणकातली माय कोण ऐकतो?

मी प्रकाशकाला ईमेल केली, आधी ग्रंथपाल म्हणून आणि मग मुलगी म्हणून. मोठं गोड उत्तर आलं. तुमच्या संस्थेने पुन्हा वर्गणी भरावी, किंवा सांगणारी बाई तुमची आई असल्याचं सिद्ध करावं, मग विचार करू. त्यांच्या नोंदीत तिच्यापुढे एवढंच आहे: स्त्री, शेतकरी, तालुका शिंदखेडा. अख्ख्या ग्रंथात तिचं नाव नाही. बिबडे घेताना तर तिला 'अक्का, अक्का' म्हणताना तुमचं तोंड थांबत नव्हतं, सर. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे मला कळतं, पण ससा त्यांच्या हाती दिला कुणी? परका लुटतो तेव्हा माणूस निदान ओरडतो तरी. तुम्ही आमच्या चुलीपाशी बसून जेवला होतात. फसवलंत तुम्ही आम्हाला.

माझी एक मैत्रीण पुण्यात एका श्रीमंत संस्थेत ग्रंथपाल आहे. त्यांची वर्गणी चालू आहे. बाहेर काही द्यायचं नाही असा करार असूनही तिने ते ध्वनिमुद्रण मला गुपचूप पाठवलं. म्हणजे तुमच्या हिशेबाने चोरीच. माझ्या मायचा आवाज मी चोरून आणला.

आधी एकटीने ऐकलं. तुमचं खाकरणं, भाकरी थापल्याचा आवाज, आणि मग मायचा प्रश्न, जो मी पार विसरले होते: 'सर, हाई बठ्ठं मन्ही आंडेरले आयकाले भेटी ना?' तिच्या लेकीला ऐकायला मिळेल ना, एवढंच तिने विचारलं होतं. आणि तुम्ही म्हणालात, 'अक्का, हे तुमचंच आहे. कधीही या आणि ऐका.' तिथे मी बंद केलं. तुमचा आवाज तेवढा कापून टाकायचा असं ठरवलं. पण तुमचं उत्तर कापलं तर तिचा प्रश्न तसाच लोंबकळत राहतो. मग नाही कापलं.

संध्याकाळी मायच्या उशाशी लावलं. तुमच्या खाकरण्यासरशी तिचा डावा हात हलला, चाचपडत वर गेला आणि तिने डोक्यावर पदर ओढला. मग माझ्याकडे बघून तिने स्वयंपाकघराकडे बोट केलं. सर आले आहेत, चहा ठेव. तुम्ही काय केलंत ते त्या वेळी तिला सांगायला हवं होतं. मी उठले आणि आधण ठेवलं. कुणाला सांगणार नाही, पण पाणी मी तिघांपुरतं टाकलं.